शाखा की संस्था? प्रवेशानंतर विषय बदलण्याच्या वाटा

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्याने भूगाव, भुकूम आणि पिरंगुट मागे टाकले की मुळशी तालुक्याचे मुख्यालय असलेले पौड लागते. या गावाच्या परिसरात उच्च शिक्षणाच्या दोन अगदी वेगळ्या वाटा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावरून जातात. खुबवली गावाजवळच्या टेकडीवर १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज ही निवासी संस्था आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेल्या या संकुलात देशोदेशीचे विद्यार्थी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अर्थात आयबी पदविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करतात आणि त्यांतील बरेच जण पुढे अमेरिकेतील महाविद्यालयांत जातात. त्याच टेकडीच्या पायथ्याच्या गावांतील मुले बारावीनंतर एमएचटी-सीईटीचे गुण हाती घेऊन केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यासाठी सायबर कॅफेत किंवा ओळखीच्या शिक्षकांकडे बसतात.

टेकडीवरचा विद्यार्थी प्रवेश अर्जात ‘अर्थशास्त्र’ असे लिहितो आणि दोन वर्षांनी जीवशास्त्राची पदवी घेण्याचे ठरवतो. तो कोणत्याही नियमाचा भंग करीत नाही. पायथ्याचा विद्यार्थी ‘मेकॅनिकल’ असे लिहितो, पहिल्या सत्रातच आपले मन संगणकशास्त्रात आहे हे त्याला उमगते आणि त्या क्षणापासून रिक्त जागा, गुणानुक्रम, शुल्क सवलत व वाया जाणारे वर्ष यांचा हिशेब सुरू होतो. प्रवेश मिळाल्यानंतर विषय बदलता येतो का, किती बदलता येतो आणि तो बदलण्याची मुभा पाहून संस्था निवडावी का, हे प्रश्न म्हणूनच दोघांच्याही घरी विचारले जातात. उत्तरे मात्र वेगळी आहेत.

‘स्पेशल’ विषयाची जुनी परंपरा

मुख्य विषय उशिरा ठरवण्याची पद्धत परदेशी आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठात विज्ञान शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी चार विषय घेई, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच. कला शाखेतही ‘स्पेशल’ विषयाची निवड पहिले वर्ष पार पडल्यावर होत असे. ‘तुझे स्पेशल काय?’ हा प्रश्न महाविद्यालयीन जीवनात कैक पिढ्यांनी ऐकलेला आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर व्हायचे ठरवून आलेला विद्यार्थी रसायनशास्त्राकडे वळला, तर त्याची कोणी दखलही घेत नसे. लवचिकता होती ती बीए व बीएस्सीमध्ये. अभियांत्रिकी, वैद्यक, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत ती जवळजवळ नव्हती. आणि गेल्या तीन-चार दशकांत मध्यमवर्गीय व ग्रामीण घरांच्या अपेक्षा नेमक्या याच दुसऱ्या गटाकडे वळल्या. विषय बदलणे अवघड झाले असे आज वाटते, त्याचे एक कारण नियमांपेक्षा या स्थलांतरात आहे.

त्याहून मागे गेल्यास उदाहरणे अधिक बोलकी आहेत. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजमधून गणित घेऊन बीएची पदवी प्रथम वर्गात मिळवली, एमएच्या अभ्यासाला सुरुवात केली आणि तो मध्येच सोडून ते कायद्याकडे वळले; १८७९ मध्ये ते एलएलबी झाले. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मुंबईस डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एमए केले आणि १९३० मध्ये बर्लिनहून मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तीन पायऱ्या, तीन विषय. दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये शिकत असताना गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी भाषांसह नाना विषयांचे वर्ग केले, १९२९ मध्ये पदवी घेतली, पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवले आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला.

मुळशीकरांना यात आणखी एक नाव आठवेल. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात झालेल्या सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट हे १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोस गेले होते. ब्रिटिश सत्तेविरुद्ध भाषण केल्यामुळे शिष्यवृत्ती गेली आणि अभियांत्रिकी मागे पडली. हे उदाहरण अर्थातच टोकाचे. परंतु शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याने वाट बदलली की आर्थिक आधार प्रथम निसटतो, ही त्यातील बाब आजही तंतोतंत लागू आहे.

पसंतीक्रमाचा अर्ज प्रत्यक्षात काय विचारतो

राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या पसंतीक्रमात महाविद्यालय आणि शाखा हे दोन स्वतंत्र प्रश्न नसतात. प्रत्येक महाविद्यालयातील प्रत्येक शाखेला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक असतो आणि विद्यार्थी त्या जोड्यांचा क्रम लावतो. ‘शाखा महत्त्वाची की कॉलेज?’ या घरोघरी रंगणाऱ्या वादाचे उत्तर म्हणून अर्जात एकदाच लिहून द्यायचे नसते. प्रत्येक ओळीत ते नव्याने द्यावे लागते. १८५४ पासूनची परंपरा असलेल्या आणि २०२२ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ झालेल्या सीओईपीतील धातुशास्त्र वर ठेवायचे, की कोथरूडमधील एखाद्या खासगी महाविद्यालयातील संगणक अभियांत्रिकी, हा निर्णय त्या एका ओळीत होतो.

येथे बहुसंख्य चुका होतात. मागील वर्षीचे कटऑफ पाहून ‘मिळण्यासारखे’ पर्याय वर आणि ‘हवेसे’ पर्याय खाली, असा क्रम लावला जातो. परंतु वाटप गुणवत्तेनुसार होते आणि संगणक यादीच्या वरच्या टोकापासून खाली येत पहिली उपलब्ध जागा देतो. हवा असलेला पर्याय वर लिहिल्याने खालचा पर्याय हातचा जात नाही. उलट मिळण्यासारखा पर्याय वर लिहिला की तो मिळतो आणि त्याखालचा सर्व विचार व्यर्थ ठरतो. २०२५-२६ च्या प्रवेश प्रक्रियेत चार फेऱ्या ठेवण्यात आल्या आणि पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक करण्यात आले. म्हणजेच यादीतील पहिल्या सहा ओळी विचार न करता भरणे आता अधिक महाग पडते. नियम दरवर्षी थोडेबहुत बदलतात. माहितीपुस्तिका त्या त्या वर्षाचीच वाचावी. मोठ्या भावाच्या वेळची पद्धत धाकट्याला लागू असेलच असे नाही.

आयआयटी व एनआयटींच्या प्रवेशासाठी २०१५ पासून चालणाऱ्या ‘जोसा’ या संयुक्त प्रक्रियेत हा प्रश्न अधिक उघडपणे विचारला जातो. जागा मिळाल्यावर विद्यार्थ्याला तीन शब्दांपैकी एक निवडावा लागतो. ‘फ्रीझ’ म्हणजे मिळाले ते मान्य. ‘स्लाइड’ म्हणजे संस्था हीच हवी, मात्र तिथे वरच्या पसंतीची शाखा मिळाल्यास घ्यायची. ‘फ्लोट’ म्हणजे वरच्या पसंतीची कोणतीही संस्था व शाखा चालेल. ‘स्लाइड’ निवडणाऱ्याने आपला कौल संस्थेच्या बाजूने दिलेला असतो, हे अनेकांच्या लक्षात फेरी संपल्यावर येते.

शाखाबदल: आशा आणि अंकगणित

‘आधी कॉलेज मिळव, शाखा दुसऱ्या वर्षी बदलता येईल’ हा सल्ला लग्नकार्यापासून एसटी स्टँडपर्यंत सर्वत्र मोफत मिळतो. तो पूर्णपणे चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष बहुतांशी समान असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आरेखन, विद्युत अभियांत्रिकीची तोंडओळख सर्वच शाखांना असते, त्यामुळे शैक्षणिकदृष्ट्या बदल शक्य होतो. अडचण जागांची आहे. हव्या असलेल्या शाखेत मंजूर प्रवेशक्षमतेत जागा रिकामी असावी लागते. मागणी असलेल्या शाखेतून कोणी बाहेर पडत नाही, म्हणून तिथे जागा क्वचितच रिकामी होते. आणि ज्या शाखेत जागा मुबलक रिकाम्या असतात तिकडे जाण्यास कोणी उत्सुक नसते. त्यातच पदविकाधारक विद्यार्थी थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतात, त्यांचाही रिक्त जागांवर हक्क असतो. उरलेल्या मोजक्या जागांसाठी पहिल्या वर्षाचे गुण पाहिले जातात आणि एटीकेटी असलेला विद्यार्थी स्पर्धेतून बाहेर पडतो. ज्याला मिळालेली शाखा मनापासून नको आहे त्याने सर्वांत चांगले गुण मिळवावेत, अशी ही विलक्षण अट आहे.

आयआयटींमध्येही पहिल्या वर्षाच्या श्रेणीवर आधारित शाखाबदलाची प्रथा होती. परंतु त्यापायी पहिले वर्ष शिकण्याचे न राहता दुसरी प्रवेश परीक्षाच होऊन बसते, असा अनुभव आल्याने अलीकडच्या वर्षांत काही आयआयटींनी ही सोय बंद केली. त्यामुळे शाखाबदलाच्या भरवशावर संस्था निवडण्यापूर्वी ती सोय त्या संस्थेत त्या वर्षी अस्तित्वात आहे का, आणि मागील वर्षी किती जणांना प्रत्यक्ष मिळाली, हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत. नियमपुस्तिकेत तरतूद असणे आणि जागा असणे या भिन्न गोष्टी आहेत.

शाखा न बदलताही विषय गाठण्याच्या वाटा आता अधिक रुंद झाल्या आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या चौकटीनुसार १८ ते २० अतिरिक्त क्रेडिट पूर्ण करून दुसऱ्या विषयात ‘मायनर’ पदवी मिळवता येते. मेकॅनिकलचा विद्यार्थी संगणकशास्त्राचे किंवा विदाविज्ञानाचे पाठ्यक्रम रीतसर पूर्ण करू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली आणि आयआयटी मद्रासचा २०२० पासून सुरू झालेला ऑनलाइन अभ्यासक्रम त्या दृष्टीने अनेकांनी जवळ केला. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान मुळशी तालुक्यातच येते. तेथील कंपन्यांत संगणक शाखेबाहेरचे अभियंते पूर्वीपासून काम करीत आले आहेत. याचा अर्थ शाखा गौण आहे असा नव्हे. सिव्हिल वा केमिकलसारख्या ज्या कामांना त्याच शाखेची पदवी लागते तिथे हा आडमार्ग उलट्या दिशेने चालत नाही.

पैशाचा भाग

विषय बदलण्याची किंमत मोजताना बहुतेक कुटुंबे फक्त एका वर्षाचे शुल्क धरतात. खरा फरक सवलतींमध्ये पडतो. राज्य शासनाने २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत लागू केली. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातील किंवा संस्था स्तरावरील प्रवेशाला ती मिळत नाही, तसेच अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे तिच्या कक्षेबाहेर आहेत. पौडच्या एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलीला केंद्रीभूत फेरीत इलेक्ट्रिकल मिळते आणि जवळच्याच खासगी विद्यापीठात संगणकशास्त्र; या दोहोंतील अंतर केवळ शाखेचे राहत नाही, ते चार वर्षांच्या संपूर्ण शुल्काचे होते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीच्या बाबतीतही प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला हे निर्णायक ठरते.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे एक कलम तर अनेकांना उशिरा कळते. शिक्षणाचा एक टप्पा उत्तीर्ण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात पुन्हा प्रवेश घेतला, उदाहरणार्थ बीकॉमनंतर बीए, तर शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्याने पहिली पदवी ‘सध्या चालेल’ म्हणून घेऊ नये. बदल करायचाच असेल तर तो त्या पदवीच्या आत, पहिल्या वर्षाच्या टप्प्यावर कसा करता येईल ते महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातून लेखी समजून घ्यावे.

प्रवेश रद्द करून दुसरीकडे जाताना शुल्कपरताव्याचे नियम विद्यार्थ्याच्या बाजूचे आहेत, ही गोष्ट पुरेशी माहीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि १५ ते ३० दिवसांत ५० टक्के शुल्क परत करावयाचे असते. पूर्ण परताव्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, तेही ५ हजार रुपयांच्या मर्यादेत, कापता येते. पुढे आयोगाने काही वर्षांसाठी अधिक उदार तारखा जाहीर केल्या. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. तपासणी करून ती विद्यार्थ्यास परत दिलीच पाहिजेत.

क्रेडिटची नवी चौकट

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द मराठी घरांत प्रथमच सर्रास ऐकू येऊ लागले. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही चौकट लागू झाली. पिरंगुटच्या अनंतराव पवार महाविद्यालयात बीएला प्रवेश घेणाऱ्या मुलालाही आता ती लागू आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी उतरण्याची स्थानके ठेवण्यात आली असून, मिळवलेली क्रेडिट ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. कागदावर ही व्यवस्था विषयबदलाला व संस्थाबदलाला अत्यंत अनुकूल आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयात त्या विषयाला शिक्षक आहे का आणि वेळापत्रकात दोन विषय एकाच तासाला तर येत नाहीत ना, यावर सारे अवलंबून राहते. चार विभाग असलेल्या ग्रामीण महाविद्यालयातील निवड आणि वीस विभाग असलेल्या शहरी महाविद्यालयातील निवड, एकाच शासन निर्णयाखाली असूनही सारखी नसते.

विषय उशिरा ठरवण्याची मुभा खऱ्या अर्थाने हवी असणाऱ्यासाठी पुणे परिसरात काही संस्था जवळच आहेत. २००६ मध्ये सुरू झालेल्या पाषाण येथील आयसर पुणेच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या काळात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र हे सर्वच विषय शिकवले जातात आणि विशेष विषयाकडे विद्यार्थी नंतर वळतो. डॉक्टर व्हायचे म्हणून बारावीपर्यंत जीवशास्त्र पाठ करणारा विद्यार्थी तिथे गणितात रमल्यास त्याला शाखाबदलाचा अर्ज करावा लागत नाही. मुळशी तालुक्यातील लवळे येथील फ्लेम विद्यापीठात उदार शिक्षणाच्या पद्धतीनुसार मुख्य विषयाची निवड प्रवेशानंतर होते. मात्र आयसरचा खर्च आणि खासगी निवासी विद्यापीठाचा खर्च यांत मोठी तफावत आहे. लवचिकता बाजारात विकत मिळते, हे या काळाचे एक कटू वास्तव आहे.

अमेरिकेतील ‘मेजर’: कुठे खुला, कुठे बंद

अमेरिकेत विद्यार्थ्याला विषय निवडू देण्याची पद्धत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ नंतरच्या चाळीस वर्षांत रुजवली. मुलांनी सोपे सोपे वर्ग निवडण्याचा सपाटा लावल्यावर त्यांचे उत्तराधिकारी लॉरेन्स लॉवेल यांनी एका विषयात खोली व इतर विषयांत विस्तार असा दुहेरी नियम घातला. आजचा ‘मेजर’ हा त्या तडजोडीचा वारस आहे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०११-१२ मध्ये पदवीला प्रवेश घेतलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश विद्यार्थ्यांनी तीन वर्षांच्या आत मेजर एकदा तरी बदलला होता. गणित घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ५२ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक होते.

परंतु या आकड्यावरून ‘तिकडे काहीही बदलता येते’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. लहान लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत अर्जावर लिहिलेला विषय हा केवळ कल समजला जातो आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तो जाहीर करावयाचा असतो. एमआयटीमध्ये पहिल्या वर्षी विषयच ठरवलेला नसतो आणि त्यानंतर विद्यार्थी कोणताही विषय घेऊ शकतो. मोठ्या सरकारी विद्यापीठांचे चित्र वेगळे आहे. तिथे प्रवेश विद्यापीठातील विशिष्ट महाविद्यालयाला किंवा थेट विषयाला मिळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने २०२३ पासून संगणकशास्त्रासारख्या गर्दीच्या विषयांना थेट प्रवेशाची पद्धत आणली. दुसऱ्या विषयात शिरून नंतर तिकडे सरकणे त्यामुळे फार कठीण झाले. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातही संगणकशास्त्राचे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी निवडलेले असतात. ‘सोप्या विषयात प्रवेश घ्या, नंतर संगणकशास्त्रात जा’ असे सांगणाऱ्या सल्लागाराला त्या विद्यापीठाचे त्या वर्षीचे अंतर्गत बदलीचे नियम दाखवण्यास सांगावे.

आर्थिक साहाय्याचा प्रश्न येथेही निवडीच्या मुळाशी असतो. युनायटेड वर्ल्ड कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठी २००० मध्ये कोल्बी, कॉलेज ऑफ द अटलांटिक, मिडलबरी, प्रिन्स्टन व वेलस्ली या पाच संस्थांपासून सुरू झालेल्या डेव्हिस शिष्यवृत्ती कार्यक्रमात आता सुमारे शंभर संस्था सहभागी आहेत. खुबवलीच्या टेकडीवरून अमेरिकेत जाणाऱ्यांची मोठी आर्थिक भिस्त त्यावर असते. हा आधार सहभागी संस्थेमार्फत मिळत असल्याने त्या संस्थेतील विषय मोकळेपणे बदलता येतो, परंतु संस्था बदलली की गणित पुन्हा मांडावे लागते. एकूणच अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला मेजर बदलणे स्वस्त आणि महाविद्यालय बदलणे महाग पडते, कारण बदली होऊन येणाऱ्यांना मिळणारे साहाय्य सहसा कमी असते. म्हणून तेथे निवड करताना संस्थेचे पारडे जड असणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीत शाखा जवळजवळ कायमची असल्याने पारडे दुसरीकडे झुकते. दोन्हीकडचे सल्ले एकमेकांना लागू पडत नाहीत याचे कारण हेच.

व्हिसाची बाजूही लक्षात ठेवावी लागते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याच्या आय-२० या दस्तऐवजात अभ्यासाचा विषय नोंदवलेला असतो आणि मेजर बदलल्यास विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून तो अद्ययावत करून घ्यावा लागतो. पदवीनंतर सर्वांना मिळणाऱ्या १२ महिन्यांच्या कामाच्या मुभेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मान्यताप्राप्त विषयांना आणखी २४ महिने जोडले जातात. इतिहासाकडून सांख्यिकीकडे किंवा सांख्यिकीकडून इतिहासाकडे जाताना या दोन वर्षांचा फरक पडतो आणि शैक्षणिक कर्ज काढून गेलेल्या घरासाठी तो मोठा असतो. अर्थशास्त्राच्या बाबतीत तर एकाच नावाचा विषय एका विद्यापीठात या यादीत बसतो, दुसऱ्यात बसत नाही. तो कोणत्या सांकेतिक वर्गात नोंदला आहे यावर ते ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने मांडलेल्या नियमप्रस्तावात पहिल्या वर्षात संस्था किंवा अभ्यासक्रम बदलण्यावर निर्बंध सुचवण्यात आले. त्यामुळे निघण्यापूर्वी चालू नियमांची खात्री करून घेणे अगत्याचे आहे. दोन संस्थांचे आय-२० हाती असतील तर जिथे जायचे त्याच संस्थेच्या आय-२० वर व्हिसाची मुलाखत द्यावी.

ब्रिटनचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. तिथे विद्यार्थी विद्यापीठाला नव्हे, अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो. अर्जातील पाच पर्यायांना एकाच विषयाचे निवेदन जोडलेले असते आणि नंतरचा बदल विभागाच्या मर्जीवर व व्हिसाच्या अटींवर अवलंबून असतो. स्कॉटलंडच्या चार वर्षांच्या पदव्या त्यातल्या त्यात सैल आहेत.

दोन दिनदर्शिका

निवडीतील सर्वांत जाचक भाग बहुधा तारखांचा असतो. अमेरिकी महाविद्यालयांचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतात आणि त्यांतील एकाला १ मेपर्यंत होकार कळवून काहीशे डॉलरची अनामत भरावी लागते. ती सहसा परत मिळत नाही. बारावीचा निकाल मे महिन्यात, सीईटीचा निकाल जूनच्या सुमारास आणि अभियांत्रिकीच्या फेऱ्या त्यानंतर. आयबीचा अंतिम निकाल तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. दोन्ही दारे उघडी ठेवू पाहणाऱ्या कुटुंबाला पहिल्या दारावर पैसे ठेवताना दुसऱ्या दारामागे काय आहे ते ठाऊक नसते. आयबीच्या विद्यार्थ्याने भारतात अभियांत्रिकीचा पर्याय ठेवायचा असेल तर सहा विषयांत भौतिकशास्त्र व गणित अकरावीच्याच टप्प्यावर घेतलेले असले पाहिजे. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यालाही हेच लागू आहे. अकरावीत गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवणारा विद्यार्थी त्या दिवशी अभियांत्रिकीचे बहुतेक दरवाजे बंद करतो आणि तेव्हा त्याचे वय अवघे सोळा असते. महाविद्यालयात विषय बदलण्याची चर्चा करणाऱ्यांनी हा आधीचा, अधिक कठोर फाटा नजरेआड करू नये. अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाल्याने पौडसारख्या गावांतील विद्यार्थ्यांनाही आता तो निर्णय दहावीच्या निकालानंतर काही दिवसांतच पसंतीक्रमाच्या स्वरूपात द्यावा लागतो.

दोन संस्थांपैकी एक निवडताना संकेतस्थळावरील छायाचित्रांपेक्षा काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. नावडल्यास पहिल्या वर्षानंतर कोठे जाता येईल? मागील वर्षी किती जण तसे गेले? दुसऱ्या विभागाचे वर्ग बाहेरच्यांना खुले असतात का? शिष्यवृत्ती विषयाशी बांधलेली आहे की विद्यार्थ्याशी? हे प्रश्न प्रवेश कक्षाऐवजी तेथे शिकत असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावेत. उत्तरे निराळी मिळण्याचा संभव असतो.

आणि पौडकरांसाठी अंतर हाही एक विषयच आहे. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन झाले, तरी भूगाव-भुकूमच्या पट्ट्यातील कोंडी संपलेली नाही. सकाळी साडेसातच्या प्रात्यक्षिकासाठी पहाटे निघून संध्याकाळी उशिरा परतणाऱ्या मुलीला ‘मायनर’साठी लागणारे जादा तास कोठून मिळणार, याचा हिशेब वसतिगृहाच्या शुल्कासह प्रवेशापूर्वीच करावा लागतो. वसतिगृहाची जागा मिळते की नाही हे महाविद्यालयाचे यादीतील स्थान ठरवण्याआधी विचारावे. मागासवर्गीय व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी पुण्यात शासकीय वसतिगृहे आहेत, त्यांचे अर्ज प्रवेशाच्या पाठोपाठ निघतात आणि मुदत थोडी असते.